एक ताट कमी

अगं, ऐकलंस का,

आपल्या नव्या संसारात तू तांदळाचा डबा कानाशी धरून हलवायचीस, तो आवाज आज पहाटे आठवला. नुसत्या आवाजावरून तू सांगायचीस, "रविवारपर्यंत पुरतील." मला मात्र त्यात शाळेच्या कवितेतला झरा ऐकू यायचा.

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस आणि आठवड्याभरात मुलाचा कारखाना बंद पडला. तुला कळवलं नाही. सून शिवणकामाला जाऊ लागली, म्हणून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. मीही डबा हलवला. चांगला खणखणीत वाजला, म्हणून सुनेला म्हटलं, "भरपूर आहेत, आणू नकोस." संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, भरलेला डबा वाजतो का कधी? कविता जरा कमी करा आणि झाकण उघडून बघत जा." मुलगाही हसला, फार दिवसांनी.

"कधी येऊ?" असं तू विचारत राहिलीस. मी तीनदा लिहिलं, इकडे सगळं छान आहे, अजून महिनाभर राहा. खरं कारण हे, की तू तिथे असलीस की इथे एक ताट कमी लागतं. माझ्या मनात असा हिशेब आला, याची लाज वाटते. हे पत्र मी टाकणार नाही.

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. आता तू आत हातपाय धुते आहेस, तोवर उरलेलं लिहितो. दारात पिशवी घेऊन तूच उभी होतीस. म्हणालीस, "तुमची तीन पत्रं आली आणि एकातही तक्रार नाही. तेव्हाच समजले, घरात काहीतरी बिघडलंय. सरका, आत येऊ द्या."

तुझाच