सुकलालला गप्प कोण करणार

२२ मार्च, रविवार
ईस्टरच्या पहाटेच्या सभेत ‘येशू खरंच उठला का?’ यावर दहा मिनिटं बोलायचं काम पाळकसाहेबांनी प्रवीणला दिलं. प्रवीणला! नवापूरहून येऊन अजून वर्ष झालं नाही. गिटार वाजवतो, म्हणून बायका त्याला डब्यातून शेवया देतात. बमरोलीच्या या मंडळीत खुर्च्या लावण्यापासून माइकपर्यंत सगळं मी बघतो, मला कुणी शेवई दिली नाही. मी जळत वगैरे नाही. फक्त जेवण गेलं नाही.

२४ मार्च
आमच्या लूम खात्यात मागावर काम करणारा सुकलाल सभेला येणार म्हणतो. भांडायला. त्याचं म्हणणं, मेलेला माणूस उठत नाही, चेल्यांनी प्रेत पळवलं आणि गोष्ट रचली. छान. प्रवीणची फजिती होणार. (प्रभू, क्षमा कर.) सुकलालला गप्प करीन तर मीच. उद्यापासून रोज एक तास अभ्यास.

२६ मार्च
अभ्यास नाही. मूड नव्हता.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
मुद्दा सापडला! (यूट्यूबची थोडी मदत.) रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली. त्या काळी बाईची साक्ष कोण धरत होतं? शिष्यांनासुद्धा ती बडबडच वाटली. गोष्ट रचायचीच असती, तर साक्षीला वजनदार पुरुष उभे केले असते. म्हणजे रचलेली नाही! पाळकसाहेब खूश. आता प्रवीण फक्त गाणार, बोलणार मी.
बायकोला, म्हणजे छायाला, मुद्दा पुन्हा पुन्हा समजावला. ती भेंडी चिरत हं हं करत होती. बायकांना असलं जड जातं.

४ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ
छाया नळावरून बातमी घेऊन आली. हॉल लग्नाला गेलाय, सभा पाळकसाहेबांच्या गच्चीवर, सहाऐवजी पाचला. कोण म्हणालं, तर उषाबाई, पाळकसाहेबांच्या मिसेस. मी विचारलं, वक्ता मी, मग मला फोन नसता आला? बायकांच्या ऐकीव बातमीवर चाललो तर झालं कल्याण. नक्की प्रवीणची चाल.

५ एप्रिल, ईस्टर, सकाळी
छाया पहाटे एकटीच निघाली. म्हटलं, जा, गच्चीचं कुलूप बघून ये. सहाला कडक इस्त्रीत हॉलवर गेलो. कुलूप मीच बघितलं. फोनवर पाळकसाहेबांचे कालपासूनचे मिस्ड कॉल. अभ्यासासाठी सायलेंट केला होता. अभ्यास राहिला, सायलेंटही राहिला.
धावत गच्चीच्या जिन्यात पोचलो, तर वरून छायाचा आवाज. माझी दहा मिनिटं तिला दिली होती! ती सुकलालला सांगत होती, “भाऊ, काल मी ह्यांना म्हटलं, सभा गच्चीवर आहे. पटलं नाही त्यांना. आता हॉलच्या कुलपासमोर उभे असतील. मला थापच मारायची असती, तर मी पाळकसाहेबांचं नाव घेतलं असतं. उषाबाईंचं कशाला घेतलं असतं?”
तेवढ्यात मी वर आलो. सगळ्यांनी वळून बघितलं.
सुकलाल गप्प. मग म्हणाला, याच्यावर विचार करावा लागेल. टाळ्या. प्रवीण तसा पोरगा चांगला आहे, माझी खरं तर त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हतीच. पण छाया! मुद्दा माझा होता.

दुपारी
सुकलाल घरी आला. शंकेखोर शिष्य थोमाने उठलेल्या येशूच्या जखमांत खरंच बोट घातलं का, ही शंका. मी घसा साफ केला. तो म्हणाला, वहिनींना विचारतोय.
मग चहा मी ठेवला. साखरेचा डबा कुठे आहे, तेही तिलाच विचारावं लागलं.