मशीनचं कव्हर

घोडेगाव, शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज थोरल्या जाऊबाई आल्या. आमचे हे जनावरांच्या बाजारात गेलेत, हे बघूनच आल्या असणार. वाटणीत माझं शिलाई मशीन उचलून नेलं, त्यानंतर आज पहिल्यांदा. मशीन नेलं, पण कव्हर इथंच टाकून गेल्या. लाल, पिवळ्या फुलांचं. मीच शिवलेलं.

लेकीच्या लग्नात द्यायला माझ्या हातची गोधडी पाहिजे म्हणे. "मंगल, मशीनवर करून बघितली गं. सुयाच मोडत्यात."

मोडणारच. खाट आणि ओट्याच्या मधल्या एवढ्याशा जागेत गोधडी अंथरता येत नाही, म्हणून मी मांडीवर मावतील असे चौकोन शिवते आणि शेवटी जोडते. कात्री बोथट, म्हणून कापड हातानं फाडते. धागे सुटतात, ते लपवायला कडा दुमडत गेले आणि त्यातूनच या जाड पाकळ्या झाल्या. आता त्या पाकळ्यांसाठीच बायका दारात येतात. मशीन असतं तर जन्मभर सरळ टिपा मारल्या असत्या. मग काय, उपकार मानू त्यांचे?

"हवं तर मशीन परत घेऊन जा," म्हणाल्या.

"राहू द्या तुमच्याकडंच, जाऊबाई. गोधडी देते शिवून."

पोरीचा काय दोष? जीव ओतून शिवीन. पण मधला चौकोन त्या कव्हराचा. लाल, पिवळ्या फुलांचा. भावकीतली एकूणएक बाई ते ओळखते. इतका डूख धरावा का? धरलाय खरा.

रुखवतात ती गोधडी जाऊबाईच उलगडतील, स्वतःच्या हातानं.