कोऱ्या पाण्याला शून्य

वेलचेरी, मंगळवार संध्याकाळ

आज प्रयोगशाळेत कोऱ्या पाण्याला, म्हणजे तुलनेसाठी तपासतो त्या शुद्ध पाण्याला, शून्य मिळालं आणि मी चक्क नाचले!

तीन आठवडे त्या शुद्ध पाण्यातही कधीच नष्ट न होणारी फ्लोरिनची रसायनं दिसत होती. मग एन्नोरच्या कोळीण सेल्वीच्या रक्तात ती सापडली, यावर विश्वास कोण ठेवणार? चोर निघाला माझाच रेनकोट. त्याच्या लेपात तीच रसायनं.

"अक्का, तुमच्या संस्कृतात अविनाशी कोण, आत्मा की रेनकोट?" माझं संस्कृतचं वेड ठाऊक असलेल्या सहकारी मीनाक्षीने चिमटा काढलाच.

रेनकोट न घालता नमुने पुन्हा घेतले. पाण्यात शून्य, सेल्वीचा आकडा मात्र तसाच. आता त्या आकड्याला खोटं कोण पाडेल? पण मग मी नाचले कशाला...

उद्या तिला सांगायला जायचं. पाऊस आला तर भिजेन.