पाठीमागे धरलेले हात

आई,

काल सकाळी शिकवताना माझे हात सुटले. म्हणजे पाठीमागे एकमेकांत अडकवून ठेवलेले, तुझ्यासारखे. शिकवायला उभी राहिले की ते आपोआप तिथेच जातात, आणि जयपूरला जगतपुऱ्यातल्या या फ्लॅटच्या हॉलमध्ये योगासनांना येणाऱ्या बायकांना वाटतं, ताई फार कडक आहेत. तुझ्याबद्दलही रेल्वे कॉलनीत हेच म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे असायचे.

आपल्या क्वार्टरमध्ये रिकामी भिंत एकच, स्वयंपाकघरात, माठाच्या शेजारी. तिथे गोधडीची घडी घालून तू मला शीर्षासन शिकवलंस. शिकवलंस कसलं, अडवून ठेवलंस! आधी नुसती कोपरं टेकून कंबर उचलायची, डोकं जमिनीला लावायचंच नाही. मग डोकं टेकायचं, पण भार हातांवर. तुझी बोटं माझ्या डोक्याखालून सरकली नाहीत की त्या दिवसाचा खेळ खलास. मग पाय चालवत जवळ आणायचे आणि तसेच परत न्यायचे. चढण्याआधी उतरणं. शेजारच्या मुलीला तिच्या वडिलांनी पाय धरून एका दिवसात उलटं उभं केलेलं, आणि मी अजून भिंतीशी नाक घासते आहे. "तू नुसते पाय धर ना," मी रडकुंडीला येऊन म्हणते. तू कणकेचे हात पाठीमागे घेऊन उभी. "काहून घाई करून राहिली? जो पाय तुला उचलता येत नाही, तो वर गेल्यावर सांभाळशील कशी?" जयपुरात इतकी वर्षं काढूनही तुझं नागपूर काही सुटलं नव्हतं. ज्या दिवशी पाय खरंच माझे मी उचलले, त्या दिवशी वाटलं, आता तू काहीतरी करशील. तू म्हणालीस, "हं. आता सावकाश उतर, पोळ्या गार होतात." मी उतरले, पोळ्या खाल्ल्या. तुझा फार राग आला होता.

तर काल. माझ्याकडे एक साताऱ्याची बाई येते, नवरा फौजेत. त्यांची बदली झाली, काल तिचा शेवटचा दिवस. जयपूर सोडण्याआधी तिला एकदा तरी शीर्षासन करायचंच होतं, घरात सगळे तिला भित्री म्हणतात म्हणून. गोपालपुऱ्यातल्या कुठल्याशा क्लासात सर पाय धरून वर लावतात, वर फोटोही काढतात, हे तिने मला येताजाता ऐकवलं होतं. तिची तयारी होत आली आहे, पण भार वाढला की कोपरं बाहेर पळतात आणि सगळं वजन मानेवर येतं. काल ती भिंतीशी गेली. गुडघे छातीशी आले, पावलं जमिनीवरून सुटली, आणि तिथेच अडकली. "ताई, धरा की जरा! एवढंच राहिलंय!" खरंच एवढंच राहिलं होतं. माझे हात पुढे आले, तिच्या घोट्यांपासून वीतभर. तिला वर पाहायची मलाही तिच्याइतकीच हौस होती. मग मला तिची कोपरं दिसली.

"उतर," मी म्हणाले. "आलीस त्याच वाटेनं."

वाटलं, ही काही ऐकत नाही. पण ती उतरली. एक पाऊल, मग दुसरं, जराही आवाज न करता, आणि कपाळ टेकून तशीच दुमडून राहिली. तिचे खांदे हलत होते. आता ती सामान भरून जाईल आणि तिचं शीर्षासन राहिलेलंच असेल, आणि ते मी राहू दिलं. तुझं वाक्य ओठांवर आलं, पण पोळ्या केलेल्या नव्हत्या. पुढे आलेले हात परत मागे नेववेनात. मी खाली बसले आणि एक हात तिच्या पाठीवर ठेवला, बराच वेळ. ती तशीच म्हणाली, "उतरले की नाही नीट?" मी म्हटलं, "फार नीट."

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणूनच लिहिते आहे. तू अडवलंस म्हणून माझी मान आज शाबूत आहे, हे मी बायकांना रोज सांगते. तुला कधी सांगितलं नाही. आणि तुझ्या पद्धतीत कालपासून मी एक गोष्ट घातली आहे, तुला न विचारता. त्या दिवशी स्वयंपाकघरात उतरल्यावर मी कपाळ टेकून मुद्दाम जास्त वेळ तशीच राहिले होते. दम लागला होता म्हणून नव्हे. तुझा हात पाठीवर येईल म्हणून. कणकेचा असता तरी चाललं असतं.