परतीची दोन तिकिटं

विलारीन्यो, ता. ९ मार्च १९८६

प्रिय ग्रासिंडा वहिनीस,
ओलिंडाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. तिला लिहिता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून ती चुलीशी बसून सांगते आहे आणि मी लिहिते आहे. मधेमधे माझंही घुसडते.

आई म्हणते, तिला लिस्बन बघायचं आहे. मे महिन्यात चार दिवस येणार. सत्तरी उलटली तरी जिल्ह्याच्या बाजारापलीकडे ती गेलेली नाही. मीनोदादा दर नाताळात घरी आला की म्हणायचा, आई, यंदा तुला नेतोच, नदी दाखवतो, किल्ला दाखवतो आणि माझ्या ट्राममध्ये माझ्या मागच्या बाकावर बसवतो. हिचं काय, आज डुक्कर कापायचं आहे, उद्या चेस्टनट गोळा करायचे आहेत. शेवटी तोच गेला, आणि तो गेला तेव्हा बर्फाने घाट बंद. दफनाला आम्हां दोघींपैकी कोणी नाही. पाच वर्षं झाली, पण तिने अजून त्याची माती बघितलेली नाही गं.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस की मेमध्ये त्याची कबर उघडणार, तुमच्याकडे पाच वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात, आणि तू कप्पा बघूनही ठेवला आहेस. आई म्हणते, कप्प्यात मुरंब्याच्या बरण्या ठेवतात, माणसं नाही. ती त्याला घरी आणणार, बाबांच्या शेजारी. तिच्या लग्नातली तागाची चादर पेटीतून काढून उन्हात घातली आहे. तीच, कडेला लाल धाग्याचं भरतकाम असलेली. त्यात गुंडाळून आणायचं म्हणते.

ट्राममध्ये थुंकायला कुठे जागा असते का, हे ती विचारते आहे. लिहू नकोस म्हणाली, म्हणून लिहिलं.

प्रकृतीला जप. इथला लोभ आहेच, तिथलाही राहू दे.
तुझी ओलिंडा


लिस्बन, ता. २३ मार्च १९८६

ती. आईंना ग्रासिंडाचा वाकून नमस्कार,

आई, तुम्ही या. कधी येता असं झालं आहे. बिछाना तुमचा, मी खाली झोपेन. जिने चढउतार खूप आहेत, तेव्हा सणाचे बूट घालू नका, रोजचे घाला.

पण एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे इथे आल्यावर तुम्हाला धक्का बसायला नको. मीनो इथेच राहील. मी दर रविवारी त्याच्याकडे जाते. सकाळी प्रार्थना, मग फुलं, मग त्याच्याशी आठवड्याचं सगळं बोलणं. धुलाईच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करते, घरी येते तर भिंती. मूल दिलं नाही देवाने. तुमच्याकडे ओलिंडा आहे, भाऊबंद आहेत, शेत आहे. मला तो रविवार तेवढा आहे. तोही नेलात तर मी कुठे जाऊ?

कप्पा वाईट नसतो हो. काचेचं दार असतं. त्याला लावायला लेसचा पडदा विणायला घेतला आहे.

रागावू नका. रागावलात तरी या.
तुमची ग्रासिंडा


विलारीन्यो, ता. ६ एप्रिल १९८६

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं तेव्हा आई बटाटे सोलत होती. सालं इतकी जाड काढली की निम्मा बटाटा कोंबड्यांना गेला. मग म्हणाली, लिही. नऊ महिने मी वाढवला. हिने पडदा विणला म्हणून तो हिचा होत नाही. हे जसंच्या तसं लिही म्हणाली, मी लिहिलं. माझ्यावर राग धरू नकोस.

दुसऱ्या दिवशी मला न सांगता ती बसच्या कचेरीत गेली आणि तिकिटं काढून आली. जायचं एक. परतीची दोन. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, परत येताना बरोबर कोण आहे, तर म्हणाली, माझा मुलगा. सीट खिडकीकडची घेतली आहे त्याच्यासाठी. लहानपणापासून त्याला खिडकीच लागायची.

मला यात कुणाची बाजू घ्यायची ते कळत नाही, वहिनी. तुझं वाचलं की तुझं पटतं, आईकडे बघितलं की आईचं.

मेच्या सतरा तारखेला सकाळी ती उतरेल. काळ्या कपड्यांत असेल, पण तशा बाया तिथे शंभर असतील. हातात घरच्या सॉसेजची टोपली बघ, वासावरून सापडेल.
तुझी ओलिंडा


लिस्बन, ता. २५ मे १९८६

प्रिय ओलिंडा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आई सुखरूप पोचल्या असतील. काय झालं ते त्या तुला सांगतील न सांगतील, म्हणून मीच सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी किल्ल्यावर नेलं. वरून सगळं शहर दिसतं, नदी समुद्राएवढी दिसते. आई बघून म्हणाल्या की एवढं पाणी आणि शेतं कुठेच नाहीत, मग उपयोग काय. मी हसले, त्याही हसल्या. तेवढ्यात त्यांनी विचारलं, कबर कुठल्या बाजूला? मी बोट दाखवलं आणि तिथेच वाजलं आमचं. त्या म्हणाल्या, जिवंतपणी पंधरा वर्षं तुझ्याकडे होता, मेलेला तरी दे. मी म्हणाले, तो माझा नवरा आहे, काय भांडं-कुंडं आहे का वाटून घ्यायला. परदेशी प्रवासी आमचे फोटो काढत होते, काळ्या कपड्यांतल्या दोन बाया भांडताहेत म्हणून. उतरताना सगळे जिने आम्ही दोन बाजूंनी उतरलो.

दुसऱ्या दिवशी बेलें इथला नदीकाठचा बुरूज बघायचा होता. ठरवलेलं म्हणून निघालो. तोंडं फुगलेलीच. वाटेत आई म्हणाल्या, बुरूज राहू दे, त्याची ट्राम कुठली? नेलं. ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या बाकावर बसल्या आणि उतरेचनात. ट्राम शेवटापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मला भूक लागली तर टोपलीतलं सॉसेज आणि पाव काढला. सगळा डबा लसणाने घमघमला. ड्रायव्हर बदलला तेव्हा जो चढला तो मीनोबरोबरचा, ज्युस्तिनो. ही मीनोची आई म्हटल्यावर त्याने टोपीच काढली.

आमच्या कोपऱ्यावर आल्यावर त्याने घंटा दोनदा वाजवली. आईंनी विचारलं, दोनदा का? तेव्हा तो म्हणाला की बेलार्मिनो, म्हणजे आपला मीनो, रोज इथे दोनदा वाजवायचा, म्हणजे वर बायको खिडकीत यायची. तो गेल्यावर आम्ही सगळे वाजवतो, सवय झाली. आई माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, अजून येतेस का खिडकीत? मी म्हटलं, येते. त्यांनी माझा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. पण मीनोला सोडते असं म्हणाल्या नाहीत, मीही म्हणाले नाही.

तिसऱ्या दिवशी कबर उघडायची होती. आई पहाटेच तयार. चादर दोन्ही हातांवर पसरून धरली होती, बाळाला आंघोळीनंतर घेताना धरतात तशी. माणसांनी माती काढली, फळी उचलली. मी तोंड फिरवलं. मग त्यांतला म्हातारा पुढे आला, हळूच म्हणाला, बाई, अजून झालेला नाही, नुसती हाडं राहिलेली नाहीत. या बाजूची माती ओली, चिकट आहे. इथली माणसं लवकर होत नाहीत. पुन्हा झाकावं लागेल, दोन वर्षांनी बघू.

असं होतं इथे, ओलिंडा. माझ्या शेजारणीच्या नवऱ्याचं दोनदा झालं. पण तुमच्याकडची माती कोरडी, दगडाळ. हे आईंच्या मनातही आलं नव्हतं. मीही बोलले नव्हते, मला वाटलं आपला मीनो झालाच असणार. आई चादर धरून उभ्याच. म्हाताऱ्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, हा असाच. जन्मतानासुद्धा मला ताटकळत ठेवलं होतं. सगळी मुलं शाळेतून यायची, हा शेवटून येणार. मला हसू आलं गं, आणि मग त्यांनी अशी किंकाळी फोडली की झाडांवरची पाखरं उडाली. शेजारच्या कबरीच्या काठावर बसून रडल्या. माती परत लोटायला लागले तेव्हा ओरडल्या, हळू, थंडी लागते त्याला.

चौथ्या दिवशी नदीकाठी बसलो. मी अंडं-साय घातलेले गोड टार्ट आणले, आईंनी एकही खाल्ला नाही. बस सुटताना चादर घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, दोन वर्षं मी काही राहत नाही. तू बघ.

तू त्यांना सांभाळ. मला लिहीत जा, विसरू नकोस.
तुझी वहिनी


विलारीन्यो, ता. ४ जून १९८६

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

आई पोचली. बसमधून उतरली तेव्हा मी धावत गेले, तर ती पहिली, मागे कोणी नाही, हातात रिकामी टोपली. मला वाटलं तूच दिलं नाहीस. तुला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, त्या माफ कर.

कंडक्टर ओळखीचा आहे, त्याने सांगितलं. वाटेत बस भरली, एक बाई लेकराला घेऊन उभी होती, तरी आईने खिडकीजवळची सीट कोणाला दिली नाही. ती म्हणे, तिकीट आहे त्याचं. बाईने विचारलं, मग माणूस कुठे आहे? तर म्हणाली, मागून येतोय. सगळी वाट हात त्या सीटवर ठेवून आली.

गावात विचारतात, काय काय बघितलं लिस्बनमध्ये? ती म्हणते, ट्राम बघितली. घंटा दोनदा वाजते.
तुझी ओलिंडा


विलारीन्यो, ता. १९ फेब्रुवारी १९८८

प्रिय वहिनी,

नमस्कारापुढे काय लिहावं सुचत नाही. आई गेली. मंगळवारी. तार केली असती, पण पुन्हा बर्फच आडवा आला आहे, तू निघून अर्ध्या वाटेत अडकली असतीस. छातीत कफ साठला होता, दोन दिवस ग्लानीत होती. बाबांच्या शेजारी ठेवलं.

शेवटपर्यंत तिची लेखणी मीच, म्हणून तिने सांगितलेलं लिहिते. तिच्या शुद्धीतलं बोलणं आहे, तापातलं नाही. म्हणाली, ग्रासिंडाला कळव, मीनोला हलवायचं नाही. त्याची घंटा ऐकायला तिथे कोणी तरी खिडकीत येतं. इथे कोण येणार? मी तर आडवी असेन. चादरीत गुंडाळ म्हणावं, कप्प्यात ठेव, पडदा लाव.

माझ्या मनात काय आहे तेही लिहिते, आईने खोडलं असतं. मला तो इथे हवा होता. तिच्या बाजूची जागा मोकळी बघून आले, ती बघवत नाही. पण तिचा शब्द तिचा. तू निश्चिंत हो.

घरात आता दोन वाट्या मांडते आणि एक परत ठेवते. सवय जात नाही.
तुझी ओलिंडा


लिस्बन, ता. २२ मे १९८८

प्रिय ओलिंडा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

काल मीनो झाला. तोच म्हातारा होता, आईंची आठवण काढली त्याने. मी या वेळी तोंड फिरवलं नाही. सगळं मीच पुसलं, चादरीत ठेवलं. लाल भरतकाम वर आलं. एवढासा झाला आहे गं, पेटी मांडीवर मावते.

तिथून निघाले आणि कप्प्याच्या भिंतीकडे न जाता ट्रामच्या थांब्यावर गेले. का ते विचारू नकोस. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, पेटी मांडीवर. ज्युस्तिनो आता सेवानिवृत्त, कोणी तरी तरणा होता, त्याला काही ठाऊक नाही. तरी आमच्या कोपऱ्यावर त्याने दोनदा घंटा वाजवली. सवयीने मी मान वर करून बघितलं. खिडकीत कोणी नव्हतं. असणार कुठून, मी तर खाली ट्राममध्ये होते.

तेव्हा ठरलं. आईंनी तो मला दिला, मी तो आईंना देते. त्यांचा शब्द मोडते आहे, रागावतील, बटाट्याची सालं जाड काढतील, काढू देत. सगळी वाट हात ठेवून राखलेल्या त्या जागेवर त्याला बसवून आणते, त्यांच्या शेजारी ठेवते. पडदा पुरा विणून झाला होता, तो तुझ्या देवघराला आण म्हणशील तर आणते.

गुरुवारी सकाळच्या बसने पोचू. तिकिटं दोन काढली आहेत, खिडकीकडची त्याला. परतीचं काढायला खिडकीशी गेले, माणसाने विचारलं परत कधी, आणि मला तारीख सांगता येईना. मागची माणसं खोळंबली, म्हणून बाजूला झाले. आता इथे रविवारी मी कुठे जाऊ, ओलिंडा?

तर एक विचारते, नाही म्हणालीस तरी तुझ्यावरची माया कमी होणार नाही. ती दुसरी वाटी अजून परत ठेवत असलीस, तर गुरुवारपासून ती मांडलेलीच राहू दे.
तुझी ग्रासिंडा