तोफखान्यासाठी घरी

४ नोव्हेंबर

आलं एकदाचं विधेयक! सभागृहातल्या एक तृतीयांश जागा रद्द. का, तर खर्च वाचेल. आमचं खोरं बंदराच्या शहराला जोडणार. तिथली मतं इतकी की निवडून येणाऱ्याला खोऱ्यात पाय ठेवायचीही गरज नाही. बळी तो कान पिळी!

माझी खुर्ची जाईल, हेही खरं. चौदा वर्षं बसले आहे, जीव जडतो. इथे खोटं कशाला लिहू? पण खोऱ्यातलं प्रसूतिगृह दोनदा बंद व्हायला निघालं होतं. दोन्ही वेळा मी सभागृहात घसा फोडला, म्हणून वाचलं. त्यानंतरचं प्रसूतिगृह थेट घाटाखाली. पुढच्या वेळी कोण ओरडणार?

७ नोव्हेंबर

दादाचा फोन. खोऱ्यातलं माझं ऑफिस सांभाळता सांभाळता त्याचं टायरचं दुकान बसलं, तरी कधी कुरकुर नाही. आज मात्र चिडला होता. "लोक रस्त्यात अडवून विचारतात, तुझी बहीण हे थांबवणार की नाही?"

थांबवेन म्हटलं. गणित अगदी काठावर आहे. सरकारी बाकांवरचेही काही जण आतून धुमसतायत — स्वतःच्याच खुर्चीखाली विस्तव कोणाला आवडेल? पण पक्षाच्या प्रतोदापुढे तोंड उघडायची छाती नाही.

११ नोव्हेंबर

तोफखाना आडवा झाला! हृदयाचं दुखणं. सरकारी बाकांवरचा हा म्हातारा पहिल्या दिवसापासून माझ्यावर तोफा डागतोय, आणि नंतर कॅन्टीनमध्ये "बाई, फार लागलं नाही ना?" म्हणत चहा पाजतोय. वाईट वाटलं. फार.

१२ नोव्हेंबर

त्यांचा प्रतोद घरी आला. आम्ही त्याला मधाचं बोट म्हणतो — सगळ्यांना लावत फिरतो. चेहरा पाडून म्हणाला, "म्हाताऱ्याची इच्छा आहे, जोडी तुमच्याशीच लावावी. दुसऱ्या कोणावर भरवसा नाही त्यांचा."

जोडी कुठल्या कायद्यात नाही. नुसता शब्द. एका बाजूचा आजारी पडला की समोरचा एक जण मतदानाला जात नाही, म्हणजे पारडी सारखी राहतात. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी तिच्या उशाशी होते, आणि माझ्यासाठी हाच म्हातारा घरी बसला होता. स्वतःच्या पक्षाच्या शिव्या खाल्ल्या त्याने. मी नाही कशी म्हणणार?

दिला शब्द. म्हटलं, भेटून येते. "छे छे! डॉक्टरांनी बोलायचीही बंदी केलीय. फोनसुद्धा काढून घेतलाय."

१५ नोव्हेंबर

आमचे नेते कडाडले. "शब्द? मुकाट्याने या आणि मत द्या!"

त्यांचं ठीक आहे, त्यांची जागा वाचतेय. दादा मात्र रडवेला झाला. "तुझ्या शब्दापायी खोरं बुडवू नकोस गं." आईच्या आजारपणात तोही होताच की तिथे. तेवढं म्हटलं, तर फोन ठेवून दिला.

१९ नोव्हेंबर

मतदान. तयार झाले, चपला घातल्या, दारापर्यंत गेले. परत फिरले. टीव्हीसमोर बसले.

एका मताने मंजूर!

ज्यांच्या जागा गेल्या तेही बाकं वाजवत होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

२० नोव्हेंबर

फोन वहिनीने उचलला. "ते बोलणार नाहीत म्हणालेत." म्हणजे तो शेजारीच बसला होता.

मी गेले असते तर बरोबरी झाली असती. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत, आणि अध्यक्ष त्यांचेच. म्हणजे माझ्या एका मताने काही वाचलं नसतंच! दादाला हे सांगायचंय. नेत्यांना सांगितलं, तर नुसते हसले. हसोत. तेल गेलं, तूप गेलं — पण शब्द तरी राहिला ना?

२६ नोव्हेंबर

प्रसूतिगृहातल्या मोठ्या नर्सबाईंचा फोन. नवीन बायका दाखल करू नका, असा तोंडी हुकूम आलाय. "ताई, आता कोणाला सांगायचं?" म्हटलं, निवडणुकीपर्यंत मी आहे ना अजून. त्या म्हणाल्या, "हो, तशा तुम्ही आहातच."

फोन ठेवल्यावर खूप रडले.

२८ नोव्हेंबर

दादाला पुन्हा फोन लावला. आज वहिनीनेही उचलला नाही.

३० नोव्हेंबर

तोफखान्याला साध्या खोलीत हलवलंय. फळं घेऊन गेले. वाटलं, निदान एका माणसाला तरी माझी किंमत कळेल. मला पाहताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याची मुलगी चाचरत म्हणाली, "बाबा मतदानाच्या दिवशी कपडे करून बसले होते. पक्षाची अँब्युलन्स न्यायला येणार होती, ती आलीच नाही. विधेयकाच्या विरोधात मत देणार, हे त्यांनी प्रतोदाला तोंडावर सांगितलं होतं ना."

"पण... जोडी तुम्हीच मागितलीत ना माझ्याशी?"

म्हातारा वळला.

"मी? कधी? मला वाटलं, मी नाही पोचलो तरी बाई असतील तिथे."