दोरीच्या बाहेर

महामायाच्या बाबास,

तानाबाईचा जयभीम. पोरगी चांगली हाय, पोटभर जेवली. शिबिरात सरनं सगळ्याईचे फोन जमा करून ठेवले, म्हणून गोविंदाभाऊच्या हाती हे चिठ्ठी देते. तो आज आपल्या जानेफळले परत येऊन राह्यला.

भुवईवर थोडी सूज हाय. थोडीच. घाबरू नका.

सकाळी कराटेच्या कुस्तीत समोरच्या पोरीनं तिले लाथ मारली. महामाया पडली, उठली, अन् त्या मारणारीलेच वाकून नमस्कार केला! मले वाटलं, भेली अन् माफी मागते. मी आखाड्याची दोरी ओलांडून आत घुसली. म्हटलं, "काऊन वं, आता लावून पाह्य हात!" सारा हॉल हासला. सर म्हणे, "काकू, ही इथली रीत आहे, माफी नाही." अन् आपली महामाया खाली पाहून म्हणे, "आई, बाहेर जा."

तवापासून सुजेवर बर्फही लावू देत नाही.

उद्या पट्ट्याची परीक्षा. समोर तीच पोरगी हाय. मी आत पाय टाकला तं महामायाले बाद करतील, असं सरनं सांगतलं. म्हणजे लेकरू पडंल अन् मी नुसती पाह्यत बसू?

बकरीले पाणी पाजलं का? तुमच्या मायले गोळी देजा, अन् सकाळच्या पयल्या गाडीनं या. पोरीसाठी नाही. ते पडली तरी उठून उभी राहील. मले धरून ठेवाले कोणी पायजे.

तुमची,
तानाबाई